ज्योतीरामनं न म्हटलेला शब्द

ज्योतीराम पाथरवटाला खोटं बोलता येत नसे आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता. आता ज्याला खोटं बोलता येत नाही त्यानं सरळ खरं बोलावं की नाही? पण तेही त्याला दरवेळी झेपायचं असं नाही. असा माणूस मग शब्द निवडत बसतो. कुरुळीच्या तुकाईच्या वेळी त्यानं तेच केलं, आणि भोगायचं आलं भलत्याच बाईच्या वाट्याला.

तो मूळचा कराडकडचा. पिंपरीला मोठ्या कारखान्याचं बांधकाम निघालं तेव्हा दगड घडवायच्या कामावर बायकोला घेऊन आला. काम संपलं, पण परत जाण्यासारखं गावाकडं काही उरलं नव्हतं. रिकाम्या वेळात त्यानं एक वीतभर नंदी घडवला होता. तो कुरुळीच्या नानासाहेब पाटलांच्या नजरेला पडला आणि त्यांनी त्याला थेट गावातच आणून बसवला, कारण कुरुळीला तेव्हा देवी हवी होती.

जुनी तुकाई म्हणजे शेंदराचा गोळा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून थापून देवी कुठली आणि शेंदूर कुठला हे सांगायची सोय राहिली नव्हती. छप्पन्न सालच्या दिवाळीनंतर ते सगळं कवच एकदम सुटून पडलं आणि आतला दगड उभा चिरलेला निघाला. चिरलेला दगड पुजायचा नसतो. गावानं तो वाजतगाजत इंद्रायणीच्या डोहात सोडला आणि ठरवलं की आता येईल ती देवी नाकीडोळी नीटस, चार हातांची, चारचौघांत दाखवण्यासारखी यायला पाहिजे.

गावाबाहेर चिंचेखाली ज्योतीरामची पालाची झोपडी आणि काळा दगड असं दुकान लागलं. त्याचं आणि त्याच्या बायकोचं, कौशल्याबाईचं, जेवण घरोघरी वार लावून यायचं. गावातल्या मालोजीच्या घरचा वार असला की भाकरी घेऊन त्याची बहीण सोजराबाई यायची. ती माणला दिलेली. मूल होईना म्हणून सासरच्यांनी चार वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडली ती परत न्यायला कुणी आलंच नाही. गळ्यात मंगळसूत्र, कपाळाला कुंकू, आणि गावाच्या तोंडी 'टाकलेली'. हळदीकुंकवाला तिला बोलावत, पण शेवटी. ओटी भरायची वेळ आली की बायकांना एकदम घरची कामं आठवत. ती भाकरी ठेवून घटकाभर उभी राहायची, देवीचं तोंड उमटताना बघायची, आणि म्हणायची, "दादा, हिला जरा हसती करा. रुसलेल्या देवी गावात लई हायेत."

ज्योतीरामनं देवी हसती केली. ते काम त्याच्या आयुष्यातलं सगळ्यांत चांगलं काम होतं, हे त्यालाही कळत होतं.

मग नथीचा प्रश्न आला. नानासाहेबांच्या पत्नी शालनबाई यांनी देवीला सोन्याची नथ बोलली होती. मूर्ती जवळजवळ झाली तेव्हा त्या नथ घेऊनच चिंचेखाली आल्या.

"नाकाला भोक पाडा."

"बाई, नाकपुडी लई पातळ झालीया. नथ मेणानं चिकटवू. कळायचं बी न्हाई."

"चिकटवलेली नथ? पोटच्या लेकीला कुणी चिकटवलेली नथ घालतं का?"

पाटलीणबाईंपुढं कोण बोलणार! ज्योतीरामनं बारीक छिन्नी घेतली, श्वास धरून टोले घातले. भोक पडलं. आणि नथीचा आकडा आरपार जावा म्हणून घातलेल्या शेवटच्या हलक्या टोल्याला नाकपुडीची कड, चवळीच्या दाण्याएवढी, निखळून त्याच्या तळहातावर आली.

तो कितीतरी वेळ हातातल्या तुकड्याकडे बघत बसला. दुसरी मूर्ती करायची तर पुन्हा दगड आणा, पुन्हा चार-सहा महिने. आणि चैत्री पौर्णिमा तोंडावर आलेली, चाकणपासून मोशीपर्यंत आवतणं गेलेली. तरीही सांगायचं म्हणून तो उठला आणि पाटलांच्या ओसरीवर गेला. पण बोलायला तोंड उघडायच्या आत नानासाहेबच म्हणाले, "ये ज्योतीराम. गावानं ठरवलंय, ओढ्याकाठची जागा तुला घर बांधायला द्यायची. देवी बसली की पाया खण. किती दिवस पालात काढणार?"

कौशल्याबाईनं लग्न झाल्यापासून एका जागी सलग दोन पावसाळे काढले नव्हते. ज्योतीराम "बरं" म्हणाला आणि परत आला. त्यानं लाख वितळवली, तीत त्याच काळ्या दगडाची पूड कालवली आणि तुकडा जागेवर बसवला. वरून घासला. सांधा दिसेना. बोट फिरवलं तर लागेना. नथ घातल्यावर तर ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

पण एक अडचण होती. प्रतिष्ठेच्या आधी गुरवानं मूर्ती घडवणाऱ्याच्या हातावर अक्षता ठेवून सगळ्या गावादेखत विचारायचं, 'मूर्ती कशी आहे?' आणि त्यानं उत्तर द्यायचं, 'अव्यंग आहे.' मगच त्या अक्षता देवीच्या पायांवर पडायच्या. ही रीत कराडकडंही होती. बापानं हातात पहिली छिन्नी देताना त्याला सांगितलं होतं, "पुरी म्हंजे काही राहिलं न्हाई. अव्यंग म्हंजे काही बिघडलं न्हाई. पुरी कुणीबी म्हणू शकतो. अव्यंग म्हणायच्या आधी हात छातीवर ठेवून बघ."

ज्योतीरामनं हात छातीवर ठेवून बघितलाच नाही. तो दुसराच शब्द शोधत राहिला. दगड धुताना, मूर्तीला तेल चोळताना, जेवताना तो एकेक शब्द जिभेवर घेऊन बघत होता. अखंड? नाही, तुकडा पडला होता. निर्दोष? नाही. सुबक म्हणावं? सुबक तर होतीच, पण सुबक भांडंही असतं, त्यावर गुरव अडला असता. शेवटी त्याला सापडला तो शब्द त्याच्या बापानं आयताच देऊन ठेवलेला. पुरी. त्यात खोटं काय होतं? चार हात, दोन डोळे, नाक, भोक, नथ. काही राहिलं नव्हतं. शब्द सापडल्यावर त्याला चक्क भूक लागली. माणूस स्वतःला फसवायला लागला की पोट आधी खूश होतं.

पौर्णिमेला देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बबनराव गुरवांनी ज्योतीरामच्या हातावर अक्षता ठेवल्या. त्यातले तुटके दाणे बायकांनी सकाळीच निवडून काढले होते.

"पाथरवटा, मूर्ती कशी हाय?"

"देवी पुरी झाली," ज्योतीराम मोठ्यानं म्हणाला. "नखशिखांत पुरी झाली. काही राहिलं न्हाई."

गुरव क्षणभर थांबले. पण वाजंत्र्यांना दम नव्हता, त्यांनी संबळ घुमवला, लोकांनी उदो उदो केला आणि अक्षता पडल्या. गर्दीत एकट्या कौशल्याबाईनं नवऱ्याकडे मान वळवून बघितलं. ती पाथरवटाची लेक होती आणि पाथरवटाची बायको. तिनं तो दुसरा शब्द ऐकायला कान लावले होते.

शालनबाईंनी नथ घातली. देवी अशी काही हसली की म्हाताऱ्या बायकांनी कडाकडा बोटं मोडली.

आणि मग ज्योतीरामला दिसलं, बायका देवळामागून वाफाळतं पाणी घेऊन येत होत्या.

त्याच्या कराडकडं देवीला नदीचं गार पाणी घालत. कुरुळीत तुकाई म्हणजे माहेरी आलेली लेक. लेक उन्हातान्हातून चालत आली तर तिला गार पाणी कोण घालतं? म्हणून पाच सवाष्णी हळद घातलेल्या कढत पाण्यानं तिला न्हाऊ घालत, चुलीवरून उतरवलेल्या हंड्यातून, हात लावला तर चटका बसेल असं. दगडाच्या लेकीचे हे लाड. चार वर्षं माहेरी असलेल्या हाडामांसाच्या लेकीनं आंघोळीला ऊन पाणी मागितलं असतं तर सरपण कुणाच्या बापाचं, हे ऐकावं लागलं असतं. ही रीत ज्योतीरामला कुणी सांगितली नव्हती, कारण ती साऱ्या जगाला ठाऊक असते असं गावाला वाटत होतं. कढत पाण्यानं लाख मऊ होते, हे मात्र ज्योतीरामला पक्कं ठाऊक होतं.

पाचवी सवाष्ण ऐनवेळी अडचणीमुळं बसायची राहिली. बायकांची कुजबुज झाली आणि शालनबाई म्हणाल्या, "सोजरे, तू ये."

सोजराबाई दचकलीच. मग पदर सावरून पुढं झाली. माणहून तिच्या सासऱ्यांचा निरोप येऊन आठवडा झाला होता की देवीचं झालं की आम्ही सुनेला न्यायला येतो. मालोजीनं तो गावभर सांगितला होता. त्यात आता देवीच्या पाचांत तिला बसवलं. तिच्या तोंडावर त्या घटकेला जे होतं ते ज्योतीरामनं दगडात आणायला चार महिने घालवले होते.

तो ओरडू शकला असता. थांबा, एवढा एक शब्द. पाणी गार करा म्हणाला असता तरी भागलं असतं. पहिला तांब्या पडला, दुसरा पडला. बायका गाणं म्हणत होत्या. तिसरा. त्यानं मनात म्हटलं, टिकेल. चौथा. आधीच चैताचं ऊन पिऊन तापलेला दगड आता चांगलाच पोळत असणार. पाचवा तांब्या सोजराबाईनं दोन्ही हातांनी, जपून, डोक्यावरून सोडला; आणि नाकपुडीची कड नथीसकट घरंगळत देवीच्या पायाशी पडली.

गाणं थांबलं. सोजराबाईनं वाकून तो तुकडा उचलला आणि ओंजळीत धरून उभी राहिली. गुरवांनी तो झटकन तिच्या हातातून घेतला, न बघताच तांबड्या फडक्यात गुंडाळला. भंगल्या देवीचा तुकडा कुणी निरखून बघत नाही.

पुढं जे व्हायचं ते झालं. पहिल्या चौघींच्या पाण्यानं काही झालं नाही, हिच्याच झालं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. कुणी म्हणालं, नवऱ्यानं टाकलेली ती सवाष्ण पुरी कशी? कुणी म्हणालं, मला आधीच वाटलं होतं. असं नंतर म्हणणाऱ्यांना आधी कधीच काही वाटलेलं नसतं, पण त्यांचा आवाज सगळ्यांत मोठा असतो. शालनबाई तर रडतच घरी गेल्या. आपणच तिला बोलावलं, हे त्यांना कुणी बोलून दाखवायच्या आत त्यांनी सोजराबाईला बोल लावून घेतला.

दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. मूर्तीवर कापड टाकलेलं होतं. ज्योतीराम सगळं सांगायचं ठरवूनच गेला होता. उभाही राहिला. समोर नानासाहेब होते, गुरव होते, कडेला मालोजी खाली मान घालून बसला होता.

"ह्यात सोजराबाईचा काही दोष न्हाई," तो म्हणाला. त्याच्या पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं. तेवढ्यात सगळ्यांचे डोळे एकदम त्याच्याकडे वळले आणि ते वाक्य घशातच बसलं. ज्योतीरामही बसला.

"बघा," नानासाहेब म्हणाले, "एवढ्या महिन्यांची मेहनत मातीत गेली, तरी गडी बाईला बोल लावत न्हाई. मन मोठं हाय ह्याचं. ज्योतीराम, दुसरी मूर्ती तूच करायची. आन् जागा बी तुझीच."

चार माणसांनी माना डोलावल्या. ज्योतीरामला वाटलं, ह्यापेक्षा कुणी थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

झोपडीत आल्यावर कौशल्याबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली, "लाख कवा लावली?"

त्यानं डोक्याचं मुंडासं काढून खाली ठेवलं.

"तुम्ही पुरी म्हणालात तवाच मला कळलं."

"मी खोटं बोललो न्हाई."

"खोटं बोलला असता तर बरं हुतं," ती वळून म्हणाली. "खोटं बोलणाऱ्याला निदान ठावं असतं, आपुन खोटं बोललो."

"जागा जाईल, कौसल्या."

"जाऊ दे. मला काय पालात झोप लागत न्हाई व्हय?" एवढं बोलून तिनं भाकरी थापायला घेतली. तिला घर हवं होतं, हे दोघांनाही माहीत होतं. म्हणून तर ते बोलणं त्याला जास्त लागलं.

मालोजीच्या घरचा वार आला तेव्हा भाकरी मालोजीच घेऊन आला. सोजराबाईला घराबाहेर पडायची बंदी होती. त्या भाकरीवर नेहमीसारखाच कांदा आणि लसणीची चटणी होती. ज्योतीरामनं ती तशीच झाकून ठेवली. उद्या सांगू, असं तो रोज म्हणायचा. आणि रोज त्याला कुठलं ना कुठलं खरंखुरं कारण मिळायचं.

मग माणची गाडी आली. गावात शिरायच्या आधी ती चिंचेखाली थांबली, बैलांना पाणी दाखवायला. गाडीतून एक उंच, पांढऱ्या मिशांचा गृहस्थ उतरला.

"राम राम. तुम्हीच पाथरवट का? मी रंगराव. मालोजीची बहीण आमची सून." त्यानं इकडंतिकडं बघून आवाज उतरवला. "मोशीत काय काय ऐकलं. लोक काय, काहीबी बोलतात. तुम्ही परके, तुम्हाला कुणाची बाजू घ्यायची न्हाई. तिथं हुता. खरं काय ते सांगा. आमच्या सुनेच्या हातानं देवी भंगली?"

गाडीत घडी केलेलं एक हिरवं लुगडं होतं, ते ज्योतीरामला दिसलं. इतकं सोपं कुणी त्याला विचारलं नव्हतं. ऐकायलाही एकटाच माणूस होता.

"तुमची सून निर्दोष हाय," तो म्हणाला.

"मग देवी भंगली कशी?"

"ते... आता दगडाचं काय सांगावं."

रंगराव त्याच्याकडे बघत राहिले. ज्योतीरामनं नजर खाली घातली. ती नजर रंगरावांनी वाचली, पण चुकीची वाचली. त्यांना वाटलं, भला माणूस आहे, बाईमाणसाविषयी वाईट बोलायचं टाळतोय.

"कळलं," ते म्हणाले. गाडी गावात गेलीच नाही. आल्या वाटेनंच माघारी फिरली.

ज्योतीराम तिच्या मागं चार पावलं पळाला. मग थांबला. चाकाची धूळ खाली बसेपर्यंत तिथंच उभा राहिला, आणि त्या घटकेला त्याला स्वतःची शिसारी आली. दोन्ही वेळा एक अक्षर खोटं बोलला नव्हता. पहिल्यांदा पुरी म्हणाला आणि दोष लपवला. दुसऱ्यांदा निर्दोष म्हणाला आणि पुरं सांगितलंच नाही.

तो तडक मालोजीच्या घरी गेला असता तर कदाचित काही सावरलं असतं. गेला नाही. तीन-चार दिवस तसाच काढून, कौशल्याबाईनं त्याच्याशी बोलणंच टाकलं तेव्हा गेला. सोजराबाई अंगणात चाकणच्या बाजारासाठी कांदे निवडत बसली होती. बाजूला तिचं गाठोडं बांधलेलंच होतं, अजून सोडलं नव्हतं. ज्योतीराम उभ्या उभ्याच बोलला. नाकपुडी, लाख, पुरी हा शब्द, चिंचेखाली आलेले रंगराव, सगळं.

सोजराबाईनं एक सडका कांदा बाजूला टाकला.

"रंगरावमामा आले हुते, हे ठावं नव्हतं," ती म्हणाली. "बाकीचं ठावं हुतं."

"कसं?"

"तुकडा मी उचलला हुता. लाख बोटाला चिकटली. दोन दिस निघाली न्हाई."

"मग बोलला का न्हाई?"

तेव्हा तिनं वर बघितलं. "मी बोलले असते तर गाव काय म्हणलं असतं? आपलं पाप पाथरवटाच्या माथ्यावर मारती. तुमच्या तोंडनं आलं असतं तरच ते खरं झालं असतं, दादा. म्हणून वाट बघितली. मालोजीदादा घरी येऊन सांगत हुता, पाथरवट पारावर उठला हुता म्हणून. मला वाटलं, सुटले. मग म्हणाला, निस्तं दोष न्हाई म्हणाला आन् बसला." तिचा आवाज फाटला. "मला सांगून काय उपेग? मला ठावंच हाय. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

ज्योतीराम तिथून निघाला तो पारावर गेला. आता शब्द शोधायचं त्याच्यात त्राणच उरलं नव्हतं, त्यामुळं सांगणं सोपं गेलं. देवी माझ्या हातानं फुटली. मी ती लाखेनं चिकटवली. मला अव्यंग म्हणता येत नव्हतं म्हणून पुरी म्हणालो. बाईवर आळ आला तरी गप्प बसलो, जागा जाईल म्हणून. रंगरावांनाही माघारी लावलं ते मीच. बबनराव गुरवांनी फडकं सोडलं, तुकडा उलटा केला आणि नखानं खरवडला. लाख निघाली. मग कुणी कुणाकडं बघेना.

"जागा सोड," नानासाहेब म्हणाले. एवढंच म्हणाले. त्याला मनाचा मोठा म्हणाल्याची लाज त्यांच्या तोंडावर दिसत होती. शालनबाई मालोजीच्या घरी खणनारळ घेऊन गेल्या, आणि गावातल्या बायका एकेक करून त्यांच्या मागं. ओटी भरायची आता कुणालाच घाई नव्हती. सोजराबाईनं खण घेतला, नारळ घेतला, सगळ्यांना हळदीकुंकू लावलं आणि मालोजीला म्हणाली, "गाडी जुप. माणला जायचंय. पाथरवटाला बी घे."

माण काही जवळ नव्हतं. इंद्रायणी ओलांडून, चिंचवडावरून पुढं, उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते पोचले. रंगरावांच्या दारात कुडाला नवा गेरू दिला होता आणि अंगणात मांडवाच्या मेढी येऊन पडल्या होत्या. मालोजीनं त्या बघितल्या आणि बैल थांबवायच्या आधीच त्याचे खांदे पडले.

रंगराव बाहेर आले. ज्योतीराम त्यांच्यापुढं उभा राहिला आणि पारावर बोलला होता तसंच, एकही गोष्ट न गाळता, सगळं बोलला. दारात बायका जमल्या, शेजारी जमले.

"म्हंजे सुनेचा काहीच दोष नव्हता," शेवटी रंगराव म्हणाले.

"नव्हता."

"हे मी तुला चिंचेखाली विचारलं हुतं."

"व्हय."

"मी तिला न्यायला निघालो हुतो, पाथरवटा. घरात सगळ्यांशी भांडून निघालो हुतो. तू एवढं बोलला असतास, तर तशीच गाडी गावात हाकली असती." म्हाताऱ्यानं मांडवाच्या मेढींकडं हात केला. "माघारी आलो तर मंडळी म्हणाली, देवीनंच नाकारली, आता वाट कशाची बघायची? काल सुपारी फुटली पोराची. ते लुगडं बी काल तिकडंच गेलं."

दुसरी बायको करायला कायद्यानं बंदी आली होती, पण तो कायदा अजून चालत चालत माणपर्यंत पोचला नव्हता. मालोजी ओरडायला लागला, रंगरावांच्या घरातूनही दोघं-तिघं बाहेर आले. सोजराबाई गाडीतून उतरलीच नव्हती. तिनं खाली वाकून सासऱ्याला नमस्कार केल्यासारखं केलं आणि भावाला म्हणाली, "चल."

परतीच्या वाटेवर ज्योतीराम गाडीच्या मागच्या दांडीला धरून चालत होता. त्याला वाटत होतं तिनं आपल्याला शिव्या द्याव्यात, गाडीतला दांडका उचलून मारावा, निदान रडावं. चिंचवड मागं पडलं तेव्हा त्याला राहवेना.

"सोजराबाई, मला काय म्हणायचं ते म्हणा. पर म्हणा."

तिनं गाठोडं मांडीवर घेतलं होतं. त्याच्यावरचे दोन्ही हात तिनं उचलले नाहीत.

"काय म्हणू, दादा? आज बोललात त्यात कसली खोट नव्हती, आन् काही राहिलं बी नव्हतं," ती म्हणाली. "निस्तं उशिरा बोललात."

मालोजीनं बैलांना हाक दिली. दांडी त्याच्या हातातून सुटली आणि गाडी जरा पुढं गेली. गाडीत जागा होती. त्याला कुणी बस म्हणालं नाही, आणि बसायचं तोंडही त्याला नव्हतं.